उजेडाची वेल

१

कार्तिकात प्रेमलाकाकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायला लागले. शाळा सुटली की घरी येऊन चहा घ्यायचा, रामघाटाच्या गल्लीतून बालाजी घाटाकडे चालत जायचं, काकूंच्या डोळ्यांत थेंब घालायचे, थोडं बसायचं आणि परत यायचं. पुढच्या पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकाला आकाशदीप चढवत असायचे. तिकडे बघायला मी जात नसे.

काकू माझ्या धाकट्या बहिणीच्या, शरदिनीच्या, सासूबाई. शरदिनी श्रावणात गेली. गच्चीवरून पडली. ती कपडे काढायला वर गेली, बंदर, इथे माकडांना बंदरच म्हणतात, अंगावर आले, ती मागे सरकली आणि कठडा ठेंगणा होता, असं तिच्या नवऱ्यानं, अनिमेषनं सांगितलं. काशीत असं होतं. अधूनमधून कोणी ना कोणी असं जातंच, त्यामुळे कोणी फार विचारलंही नाही.

बहीण गेली तरी तिच्या सासूचं करते, म्हणून गल्लीतल्या बायका माझं कौतुक करायच्या. मी त्यांना करू दिलं. खरं म्हणजे मला अनिमेषच्या समोर जाऊन बसायचं होतं. शरू लहानपणापासून बंदरांना काठी आपटून हाकलायची. ती बंदरांना घाबरून मागे सरकली असेल, हे मला पटलेलं नव्हतं. हातात पुरावा काहीच नव्हता. पण तिच्यासारखंच नाक असलेलं माझं तोंड त्याला रोज संध्याकाळी दिसावं आणि त्याचा घास अडावा, एवढं तरी मला करता येत होतं.

त्याचा घास काही अडला नाही. "आइए, ताई," असं तो मोबाइलमधून मान वर न काढताच म्हणायचा.

२

शरूच्या सासरचं, घैसासांचं घर म्हणजे आता गेस्ट हाउस. वर पाहुण्यांच्या खोल्या, खाली मोठा हॉल. त्या हॉलच्या मध्यभागी, कडीला, शरूचा दिवा टांगलेला होता.

शरू दिव्यांच्या शेड काढायची. विद्यापीठात ती तेच शिकली होती. आधी कागदावर नक्षी काढायची, मग कागद पितळेच्या पत्र्यावर चिकटवून ठठेरी बाजारातल्या कसेऱ्याकडून, म्हणजे तांबटाकडून, जाळी कापून घ्यायची. शेड बाहेरून नुसती भोकाभोकांची दिसते. आतला दिवा लागला की भिंतीवर नक्षी उमटते. ती म्हणायची, "पत्रा हा माझा कागद नाही. भिंत माझा कागद आहे."

हा शेवटचा दिवा तिनं सगळ्यांत जास्त मनावर घेतला होता. नक्षी आमच्या आईच्या बनारसी शालूवरची. त्या शालूच्या जरीकामाला इथे जंगला म्हणतात. एक वेल सुरू होते आणि मग ती कुठे सुरू झाली ते सापडत नाही, पानांत पानं, फुलांत फुलं, मध्ये एखादा पोपट. शरूनं ती पूर्ण वेल पितळेत उतरवली. माणूस मात्र तिच्या नक्षीत कधीच नसायचा. विशेषतः हात. "बोटं काढायला गेलं की भेंड्या होतात," असं तीच हसून सांगायची.

ती असताना हा दिवा टांगला गेला नाही. दिल्लीच्या एका हॉटेलवाल्याला अनिमेष तिच्या नक्ष्या आपल्या नावानं दाखवत होता, हे तिला कळलं होतं. ती गेली त्या दिवशी सकाळी तिनं मला फोन केला होता. "हा दिवा माझ्या नावानं जाईल, नाहीतर जाणार नाही. आज मी त्याला सांगणार आहे," असं ती म्हणाली. संध्याकाळी मी तिला पांढऱ्या चादरीखाली पाहिलं.

दसऱ्याला अनिमेषनं दिवा टांगला. खाली भिंतीवर पाटी लावली, 'अभिकल्पना : अनिमेष घैसास', म्हणजे डिझाइन त्याचं. पाहुणे दिव्याचे फोटो काढायचे आणि तो विनयानं मान झुकवायचा.

डोळ्यांची पट्टी निघाल्यावर काकू पहिल्यांदाच हॉलमध्ये येऊन बसल्या, तेव्हा मी समोरच होते. कित्येक वर्षं त्यांना नुसते धुरकट आकार दिसत होते. आता त्या नव्या डोळ्यांनी भिंती पाहायला लागल्या. पानं, फुलं, पोपट. चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. मग त्यांची नजर जिन्याच्या दाराजवळ थांबली.

"नीरजा," त्या म्हणाल्या, "त्या वेलीत हात कोणाचा गं?"

३

मी मुलींना विज्ञान शिकवते. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे दरवर्षी पुठ्ठ्याला भोक पाडून दाखवते. भिंतीवर उजेडाचा एखादा आकार असेल, तर पत्र्यात त्या आकाराचं भोक असलंच पाहिजे.

भिंतीवर हात होता. दोन पानांच्या मधून निघालेला, मनगटापासून पुढे, तळवा आमच्याकडे. बोटं लांब, नीट, जिवंत माणसाची वाटावीत अशी. भेंड्या नव्हत्या.

"नवीन डोळे आहेत, काकू," मी म्हणाले. "पहिले काही दिवस असं दिसतं."

"मग तुला का दिसतोय?"

मी तो बघत होते हे त्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर गेले. अनिमेष बाहेर होता. दिवा बंद करून मी स्टुलावर चढले आणि शेडच्या त्या बाजूवरून बोट फिरवलं. पान. पान. देठ. कळी. पान. हात कुठेच नव्हता. दोन पानांतून जाणारा उजेड भिंतीवर एकमेकांवर पडत असेल, असं मला वाटलं. शेड थोडी फिरवली, दिवा लावला. सगळी वेल भिंतीवरून सरकली. हात जिथे होता तिथेच राहिला.

मग बल्ब बदलून पाहिला. बल्ब मोठा असला की कडा पुसट होतात. मी मोठा बल्ब लावला. वेलीचा नुसता धूर झाला. हात तसाच राहिला, नखांसकट.

मी स्टुलावरून उतरले. मनात भीती होती असं म्हणता येणार नाही. आईनं पानं वाढल्यावर भुकेल्या माणसाला वाटतं ना, तसं काहीतरी वाटत होतं.

४

पुढच्या आठवड्यात मनगट दिसायला लागलं. मग बांगड्या. काचेच्या, एकमेकींना चिकटलेल्या, त्यांतली एक मधेच तुटलेली. हात वेलीतून बाहेर येत होता, म्हणजे खांदा कुठेतरी मागे, पानांमध्ये असणार. पण तिथे पानंच इतकी दाट होती की नजर टिकत नसे. बघत राहिलं की चेहरा सापडणार असं वाटायचं आणि नेमकं तेव्हाच डोळ्यांत पाणी यायचं.

आणि तो हात सरकत होता. जिन्याच्या दारापासून खिडकीकडे, खिडकीपासून कपाटाकडे. अनिमेषची खुर्ची कपाटाजवळ होती.

त्याला हात दिसायचा की नाही, मला कळत नव्हतं. एक दिवस मी गेले तर खुर्ची हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती.

"खुर्ची हलवली?" मी विचारलं.

"वहां रेंज नहीं आती," तो मोबाइल दाखवत म्हणाला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत हात उलट्या दिशेनं निघाला. खुर्ची पुन्हा हलली. त्यानं कॉलर वर करायला सुरुवात केली होती आणि बसल्या बसल्या तो मानेवरून हात फिरवायचा, जाळं लागल्यासारखा.

"ताई, एक विचारू?" एकदा तो एकदम मराठीत म्हणाला. माझ्याशी मराठीत बोलून त्याला महिने झाले होते. "शरूनं ह्या डिझाइनमध्ये काही... म्हणजे तिनं मागून काही बदल केला होता का?"

"डिझाइन तुमचं आहे ना?" मी म्हणाले. "पाटी तर तशीच आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. घास अडलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

काकू मात्र हल्ली थेंब घालताना डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. मला त्यांची पापणी बोटांनी उघडावी लागायची. एकदा माझा हात धरून त्या पुटपुटल्या, "दिसत नव्हतं तेव्हा बरं होतं गं."

"का, काकू?"

"दिसत नाही म्हटलं की कोणी विचारत नाही."

 

५

तुळशीचं लग्न झालं आणि अनिमेषचा साखरपुडा ठरल्याचं मला काकूंकडून कळलं. मुलगी नाशिकची, तेजश्री नावाची, रेल्वेत नोकरीला, बदली होऊन इथे आलेली. तिचे वडील मुद्दाम आले होते. पुढच्या महिन्यात लग्न लावून टाकायचं म्हणत होते.

मला बोलावणं नव्हतं. पण काकूंच्या थेंबांची वेळ होती, म्हणून मी गेले.

हॉलमध्ये मोजकीच माणसं होती. तेजश्री मोरपंखी साडी नेसून दिवाणावर बसली होती. बोलकी, समंजस वाटली. वर बघून ती म्हणाली, "किती सुंदर दिवा आहे हा. तुम्ही केलात?"

"हो," अनिमेष म्हणाला. त्यानं पांढरा झब्बा घातला होता.

मी काकूंजवळ टेकले. भिंतीवर नेहमीच्या जागी हात नव्हता. मी चारही भिंती पाहिल्या. पानं, फुलं, पोपट, सगळं शरूनं काढलं होतं तसं. क्षणभर मला रडू फुटेल असं वाटलं. इतके दिवस मीच ते मनानं उभं केलं होतं आणि शरू कुठेही नव्हती, असं वाटलं.

मग अनिमेष अंगठी घ्यायला वाकला आणि त्याची पाठ आमच्याकडे झाली.

हात त्याच्या झब्ब्यावर होता. दोन खांद्यांच्या मधोमध, पाचही बोटं पसरून टेकवलेला. कोणी कोणाला पुढे ढकलताना ठेवतो तसा.

काकूंची बोटं माझ्या दंडात रुतली.

"मी बोलते," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही. त्या त्याच्या पाठीकडे बघत होत्या. "मी बोलते गं बाई. थांब."

आणि त्या उभ्या राहिल्या.

६

"तेजश्री," काकू म्हणाल्या, "अंगठी घालून घेऊ नकोस."

"आई, बैठो," अनिमेष म्हणाला.

"त्या दिवशी बंदर आले नव्हते." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय आणायची ते सांगावं तसा. "बंदर आले की आधी शेजारचा पत्रा वाजतो. मला दिसत नव्हतं, पण कान होते. पत्रा वाजला नाही. वर तुम्हा दोघांचं बोलणं चाललं होतं. ती म्हणत होती, नाव माझं लागेल. तू ओरडत होतास. मग तिचं बोलणं बंद झालं. तू खाली आलास आणि माझ्याजवळ बसून म्हणालास, आई, बंदर आले होते ना? आणि मी हो म्हटलं."

 तेजश्रीच्या वडिलांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग अनिमेषकडे.

"ऑपरेशननंतर आईचं डोकं जरा..." अनिमेषनं हसायचा प्रयत्न केला. हसताना तो वळला आणि आता त्याची छाती आमच्याकडे झाली. हात छातीवर होता. त्यानं तो पाहिला. मग दोन ढांगांत दाराजवळ जाऊन त्यानं बटण दाबलं.

दिवा गेला. वेल गेली. भिंती काळ्या झाल्या आणि खिडकीतून बाहेरच्या गल्लीचा थोडासा उजेड आत आला.

त्याच्या झब्ब्यावरचा हात गेला नाही. तो त्याच्या गळ्याकडे चढत होता आणि त्याच्यामागून झब्ब्याच्या बाहीवर एक पान उमटलं, मग दुसरं, मग देठ. एखादी न दिसणारी सुई भराभर टाके घालत जावी, तशी वेल त्याच्या अंगावर पसरत गेली. त्या वेलीच्या उजेडात दुसरं काहीच दिसत नव्हतं. त्याचा चेहरा नाही, जवळची भिंत नाही. प्रकाश असा नसतो. प्रकाश जिथे पडतो, तिथलं काही ना काही तरी दिसतंच.

तेजश्रीला ते दिसलं असावं. ती वडिलांचा हात धरून अंधारातच दाराकडे गेली. जाताना मला म्हणाली, "तुम्ही तिच्या कोण?"

"बहीण," मी म्हणाले.

तिनं माझा खांदा दाबला आणि ती निघून गेली.

७

दुसऱ्या दिवशी काकूंनी चौकीत जाऊन तेच पुन्हा सांगितलं. मी त्यांच्याबरोबर होते. जबाब लिहून घेतला गेला, अनिमेषला बोलावलं गेलं, सोडलंही गेलं. वकील म्हणाला, कानांनी ऐकलेल्यावर शिक्षा होणं कठीण आहे. काकू माझ्याकडे राहायला आल्या. त्यांना मी माफ केलं असं नाही. त्या सकाळी देवाजवळ बसतात, मी शाळेत जाते, दोघी जेवायला एकत्र बसतो. बोलणं कामापुरतं.

गेस्ट हाउस बंद पडलं. दिवा अनिमेषनं स्वतः उतरवला आणि नावेतून नेऊन मध्यधारेत सोडला, असं घाटावरच्या मल्लाहांकडून, नावाड्यांकडून, कळलं. पाटी मात्र तशीच राहिली होती. ती मी जाऊन काढली. त्याच वेळी, माघातल्या एका दुपारी, मी त्याला शेवटचं पाहिलं.

जुन्या घरांत मधोमध एक बिनखिडकीची खोली असते. पूर्वी तिथे धान्य ठेवायचे. तो तिथे राहत होता. घरातले सगळे बल्ब त्यानं काढून टाकले होते. बाहेर अंगणात चांगलं ऊन होतं, पण त्या खोलीत दार उघडलं तरी आतलं काही दिसेना.

"ताई?" आतून आवाज आला. "दार लोटा. उजेड आला की वाढते."

मी आत जाऊन दार लोटलं. अंधाराला डोळे सरावतील म्हणून उभी राहिले. सरावले नाहीत. खोली दिसली नाही, तो दिसला नाही. हळूहळू वेल तेवढी दिसायला लागली.

ती जमिनीपासून सुरू होत होती आणि एका माणसाचा आकार घेऊन वर गेली होती. मांडी घातलेले पाय, पोट, छाती. शरूची पानं मी ओळखली. शरूचे पोपट ओळखले. ती काढत असताना मी कितीदा शेजारी बसून चहा प्यायले होते. पण ही वेल शालूवर नव्हती इतकी दाट होती आणि मी बघत असताना दाट होत होती. एका देठाला कळी धरली. एक नवं पान कानाच्या आकाराशी येऊन थांबलं आणि मग आत वळलं.

"दिव्यासोबत जाईल वाटलं होतं," तो म्हणाला. "अंघोळ केली, पूजा घातली, गयेला जाऊन आलो. डोळे मिटले तरी आत तीच दिसते. ताई, मी चुकलो. मला ढकलायचं नव्हतं. रागात झालं. तुम्ही मोठ्या आहात. तुमचं ती लहानपणापासून ऐकायची. एकदा सांगा तिला. आता बस कर म्हणा."

तो बोलत होता तिथे, तोंडाच्या जागी, वेल अजून पोचली नव्हती. तिथे नुसता अंधार होता. त्या अंधाराच्या कडेला मला बोटं दिसली. लांब, नीट, नखांसकट. घाई नसलेल्या माणसाची असतात तशी. आणि त्यांच्याही मागे, खूप मागे, भिंत असायला हवी होती तिथे, पानांच्या आड कोणीतरी मान एका बाजूला कलती करून उभं होतं. काम हातात असताना शरू तशीच मान कलती करायची. पानं हलली आणि ते दिसेनासं झालं.

मला भीती वाटायला हवी होती. ती अजून आली नाही, कधी येईल माहीत नाही.

"ताई," तो रडत म्हणाला, "सांगा ना."

तिची मोठी बहीण म्हणून मी तिला आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आले होते. जेवण गार होतंय, उशीर होतोय, आवर लवकर. मी त्या पानांकडे तोंड केलं. बोटं थांबली. ती ऐकत होती.

"शरू," मी म्हणाले, "सावकाश कर. कुठेही जायचं नाहीये."

आणि मी बाहेर येऊन दार नीट लोटून घेतलं.